दोन तोळ्यांचा फरक

पितृपंधरवड्यात सोनं घ्यायला कोणी येत नाही, म्हणून तर मामांनी तो मुहूर्त धरला होता. गुजरीतलं, म्हणजे कोल्हापूरच्या सराफकट्ट्यातलं, ते दुकान रिकामं होतं. शेठ पेपर वाचत बसले होते, पोरगा काचा पुसत होता. मामांनी कापडी पिशवीतून माझ्या गाडीच्या इंजिनाचे, डिझेलनं धुतलेले चार पिस्टन एकेक करून काढले आणि काउंटरवर अंथरलेल्या लाल मखमलीवर मांडले. मांडताना एक काळा ठिपका मखमलीवर पडलाच. शेठ काही बोलले नाहीत. त्यांच्या वडिलांच्या गाडीचं काम मामांनी कधीकाळी केलं होतं. आम्हाला काटा मिळाला तो त्या पुण्याईवर.

एक नंबरचा पिस्टन २८६.४ ग्रॅम भरला. तीन नंबरचा २८७.१. चार नंबरचा २८६.९. मामा मान हलवत वहीत आकडे उतरवत होते. मग त्यांनी मुद्दाम शेवटी राखलेला दोन नंबर काट्यावर ठेवला. ३०५.८.

"१९ ग्रॅम," शेठ चष्म्यावरून बघत म्हणाले. "म्हणजे दोन तोळ्याला जरा कमी. मामा, आमच्याकडं एवढ्या फरकावर लग्नं मोडत्यात."

"आणि ह्यानं अशानं चौदा वर्षं गाडी चालवली," मामा माझ्याकडं बोट करून म्हणाले.

*

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८८ सालची, क्रीम रंगाची. मी ती २००९ साली इचलकरंजीच्या एका गृहस्थांकडून घेतली. मी साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे. गाड्यांतलं मला कळतं ते एवढंच, की पावती जपून ठेवावी. मामा मात्र एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढून निवृत्त झालेले. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गाडी घेताना त्यांना विचारलं नाही, हा राग त्यांनी चौदा वर्षं जपला होता.

पहिल्या दिवसापासून त्या गाडीला एक खोड होती. ठरावीक वेगाला स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा थरथरायचा. जोरात नाही. ताटातल्या वाटीवर वाटी बसावी आणि कुठंतरी मिक्सर चालू असावा, तसा एक बारीक आवाज यायचा. वेग वाढवला की जायचा, आणखी वाढवला की परत यायचा. सगळे म्हणायचे, जुनी गाडी आहे, असायचंच. मीही तेच म्हणू लागलो. पण गेल्या दोन वर्षांत धूर सुरू झाला. निळा धूर. ऑईल इतकं खायची की दुधाच्या पिशवीबरोबर ऑईलचा डबाही रोजचा झाला. शेजाऱ्यांनी गाडी फाटकाबाहेर नेऊन चालू करायची विनंती केली, तेव्हा मी शरण गेलो. मामांनी येऊन सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवलं, बोटावरचा ओलसर काळा थर बघितला आणि म्हणाले, "हेड उतरवायला लागंल."

हे इंजिन फार जुन्या घराण्यातलं. फियाटनं १९३७ साली इटलीत अकराशे सीसीची गाडी काढली, तिच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर होती. चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनवल्या, त्यातली अकराशे पुढं प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी झाली. बाहेरचा पत्रा बदलला, नाव बदललं. ६८ गुणिले ७५ हे माप मात्र शतक संपेपर्यंत तसंच राहिलं. बिडाचा ब्लॉक, त्यात चार बोर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतात ती भोकं, वर ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे झाकण. आमच्या पिढीतल्या निम्म्या मराठी मध्यमवर्गाची पहिली गाडी ह्या चार भोकांवर चालली.

हेड उचललं तेव्हा मी बॅटरी धरून उभा होतो. कार्बन खरवडल्यावर मामांनी मला वाकायला लावलं. तीन पिस्टनच्या डोक्यावर बारीक अक्षरात १.०० कोरलेलं होतं. म्हणजे मूळ मापापेक्षा एक मिलिमीटर मोठे, ६९ चे. झिजलेला बोर थोडा कातून मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन घालायचा, असं दोन-तीन वेळा झालं की हे शेवटचं माप येतं. पुढं बोर कातायला भिंतीत तेवढी जाडी राहत नाही. दोन नंबरच्या पिस्टनवर मात्र काहीच कोरलेलं नव्हतं. आणि त्या बोरच्या तोंडाशी, ब्लॉकच्या पृष्ठभागात, बांगडीसारखी एक बारीक गोल रेघ दिसत होती.

"सिलिव घातलीय," मामा म्हणाले. "एकाच बोरला."

मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं, बसले आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मला वाटलं, दम लागला असेल. ते वाचत होते. काय झालं असेल ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. कधीतरी दोन नंबरचा पिस्टन जाम झाला असणार, बोरवर ओरखडे पडले असणार. ब्लॉक आधीच शेवटच्या मापावर. कुणी मेस्त्रीनं तेवढाच एक बोर आणखी मोठा कातून त्यात बिडाची नळी, म्हणजे स्लीव्ह, दाबून बसवली आणि ती आतून मूळ मापाला, ६८ ला, आणून सोडली. का? कारण त्याच्या फळीवर ६८ चा एक सुटा पिस्टन पडला होता. कंपनी दुसरी, घडण दुसरी. पण भोकात बसला आणि पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन जुळली, म्हणजे झालं.

मी हिशेबाचा माणूस, मला राहवलं नाही. त्याच रात्री कागदावर मांडून बघितलं. ६९ च्या बोरमध्ये २८० सीसी जागा होते, ६८ च्या बोरमध्ये २७२. म्हणजे माझ्या गाडीला तीन मोठी आणि एक धाकटं सिलिंडर होतं, आणि धाकट्यातला पिस्टन सगळ्यांत जड.

*

पिस्टन हातात घेतला की डब्याच्या झाकणासारखा गोल वाटतो. तो गोल नसतो, हे मला साठी जवळ आल्यावर कळलं. मामांनी मायक्रोमीटर लावून दाखवलं. पिनच्या दिशेनं माप कमी, त्याच्या काटकोनात जास्त. वरून खालीही तो सरळ नाही, डोक्याकडं निमुळता आहे. थंडीत अंग आखडून बसलेल्या माणसासारखा त्याचा आकार असतो, आणि गरम झाला की हातपाय पसरून नीट गोल होतो. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पिस्टन तापतोही बोरपेक्षा जास्त. मधली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. एवढ्याशा फटीत हा सगळा पसारा जमवायचा, म्हणून प्रत्येक घडणीचा पिस्टन आपापला उपाय करतो. कुणाच्या अंगाला चीर असते, तापल्यावर फुगवटा त्या चिरेत मुरतो. कुणाच्या पोटात पोलादाची पट्टी ओतलेली असते, ती कमरेला धरून ठेवते. कुणी नुसता जाड आणि भरीव असतो, त्याला फट थोडी जास्तच द्यावी लागते.

माझ्या इंजिनातले तीन चिरेचे होते, चौथा भरीव. त्या मेस्त्रीनं चारही बोरना फट मात्र एकच दिली असावी, कारण भरीव पिस्टनच्या बाजूवर घासल्याचे उभे पट्टे होते. ऊसतोडीत कोयता घासून पात्याला जशी चमक येते, तसे चकचकीत. पिस्टनभोवतीच्या, ऑईल खाली अडवणाऱ्या रिंगा त्याच पट्ट्यांपायी गेल्या. रिंगा गेल्या म्हणून ऑईल वर चढलं. निळा धूर तिथून आला.

आणि वजन? ते मला समजावायला मामांनी वहीचं मागचं पान घेतलं. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेतं तेव्हा पिस्टन सेकंदाला सरासरी १० मीटर धावतो. पण सरळ धावत नाही. वर जातो, थांबतो, उलटा फिरतो, खाली जातो, थांबतो. प्रत्येक फेऱ्यात दोनदा शून्यावर. ह्या थांबण्या-उलटण्यात १९ ग्रॅमचा तो जास्तीचा ऐवज निदान साडेबारा किलोचा हिसका देतो. फेरे निम्मे झाले की हिसका पाव होतो, दुप्पट झाले तर चौपट. आता चार पिस्टनमधले दोन वर असतात तेव्हा दोन खाली असतात, एकमेकांचे हिसके ते बरेचसे खाऊन टाकतात. पण एकाचं वजन जास्त असलं की त्याच्यापुरता हिसका उरतो. तो क्रँकमधून, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यामधून, ब्लॉकमध्ये, ब्लॉकमधून चॅसीत आणि चॅसीतून माझ्या गिअरच्या दांड्यात यायचा. मी चौदा वर्षं त्याला म्हातारपण म्हणत होतो.

मला त्या अज्ञात मेस्त्रीचा मनस्वी राग आला. मामांना मात्र आला नाही. "त्यानं मिसळलं म्हणून न्हाई चुकलं," एवढंच म्हणाले आणि जेवायला उठले. ह्या वाक्याचा पुढचा भाग मला महिनाभरानं मिळाला.

*

भाचा स्टुटगार्टला असतो. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत म्हणे, पण आमच्या घरात तो संबंध भाच्यामुळंच. त्याला व्हिडिओ कॉलवर आमचे चार पिस्टन दाखवले, तर तो उड्या मारायला लागला. त्याचा तिथला एक मित्र जुन्या, हवेनं थंड होणाऱ्या पोर्शे ९११ चं इंजिन बांधत होता आणि त्यांच्यातही हाच वाद चालू होता.

त्या इंजिनात आपल्यासारखा एक ब्लॉक नसतो. सहा सिलिंडर सुटे असतात, बाहेरून पंखे पंखे असलेले, तीन डावीकडं आडवे, तीन उजवीकडं. एक बिघडलं तर काढायचं, दुसरं चढवायचं. म्हणजे मिसळण्याचा मोह आपल्यापेक्षा सहापट. आणि धोकाही जास्त, कारण सगळी सिलिंडरं वरून सारखीच दिसतात, फरक आतल्या कातडीत. सुरुवातीच्या काही इंजिनांत आत बिडाची नळी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे पंखे ओतलेले असत. त्याला बिरल म्हणत. मग माले कंपनीची निकासिल आली. आतून ॲल्युमिनियम, त्यावर निकेलचा पातळ थर आणि त्या थरात सिलिकॉन कार्बाईडचे अतिबारीक कण. ही युक्ती १९६७ च्या सुमारास मुळात फिरत्या त्रिकोणी रोटरच्या वांकेल इंजिनासाठी निघाली होती. पुढं पोर्शेनं ती आधी ९१७ ह्या रेसच्या गाडीत आणि मग १९७३ च्या करेरा आरएसमध्ये वापरली. तिसरी ॲल्युसिल. हिच्यावर थर वगैरे काही नाही. मूळ ॲल्युमिनियममध्येच साधारण १७ टक्के सिलिकॉन कालवलेलं असतं. आतून घासून, ॲल्युमिनियम जरासं खाऊन घालवलं की सिलिकॉनचे कठीण दाणे वर उघडे पडतात, आणि रिंगा त्या दाण्यांवरून सरकतात.

आता गंमत बघा. ॲल्युमिनियमच्या बोरमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन घातला तर दोन सख्खे भाऊ एकमेकांना चिकटतात. म्हणून ॲल्युसिलच्या पिस्टनच्या अंगावर लोखंडाचा मुलामा असतो. निकासिलच्या पिस्टनला तो लागत नाही, कारण तिथं बोरवरच निकेल आहे. म्हणजे एका जोडीत कवच नवऱ्याच्या अंगावर, दुसऱ्या जोडीत बायकोच्या. निकासिलचा उघडा पिस्टन उचलून ॲल्युसिलच्या बोरमध्ये घातला, तर दोघंही उघडे. मापात फरक शून्य, पिन जुळते, हाताला गुळगुळीत लागतो, आणि थोड्याच धावेत अंग सोलवटून बसतो. ९११ एससी ह्या एकाच मॉडेलमध्ये काही गाड्या निकासिलच्या निघाल्या, काही ॲल्युसिलच्या. तेव्हा जुन्या बाजारातून "९११ एससीचं सिलिंडर" एवढंच म्हणून आणलेली वस्तू म्हणजे लॉटरीचं तिकीट.

ह्याहून मला आवडली ती त्रिकोणाची गोष्ट. त्या सिलिंडरांच्या बुडाशी एका छोट्या त्रिकोणात ५ किंवा ६ असा आकडा ठोकलेला असतो. तो उंचीचा गट. फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा. पण एका बाजूच्या तिन्ही हेडांवर मिळून कॅमशाफ्टची, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याची, एकच पेटी बसते. तिघांतला एक जरी उंचीनं वेगळा असला तर ती पेटी पिळली जाते. म्हणून नियम असा, की एका बाजूला तिघंही पाच किंवा तिघंही सहा. डावीकडं पाच आणि उजवीकडं सहा चालतात! मिसळायला बंदी नाही. कुठल्या रेघेच्या अलीकडं मिसळायचं नाही ते फक्त ठोकून ठेवलंय.

मामांना हे फार पटलं. "एसटीत आमी बी खडूनं लिवायचो," म्हणाले.

*

उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी ब्लॉक बघितला आणि एका वाक्यात निकाल दिला. चारही बोरना स्लीव्ह, चारही ६८ ला, नवा सेट आणा. ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या पुष्कळ इंजिनांत लायनर सुटंच असतं, जुनं ओढून काढायचं, नवं बसवायचं, सोबत त्याचाच पिस्टन, रिंगा, पिन एका खोक्यात येतात. पद्मिनीच्या ब्लॉकला हे सुख नाही. तिथं बोर कातून मोठा करायचा, नळी त्याहून केसभर जाड ठेवायची आणि दाबून घुसवायची. घट्ट बसली नाही तर नळी आणि ब्लॉक यांच्यामध्ये हवा राहते, आणि हवेतून उष्णता जात नाही.

सेटसाठी मुंबई गाठली. ऑक्टोबर संपत आला होता. त्याच आठवड्यात पेपरात येत होतं की ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी दिसणार नाही, टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आणि शेवटच्या गाडीची ती पुरी झालेली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, म्हणजे जिथं ह्या गाड्या जन्मल्या त्याच उपनगरात, मी दुकानं पालथी घालत होतो. एकानं तर विचारलं, "टॅक्सी बंद, आता कुणासाठी नेताय?"

टॅक्सीवाल्यांच्या मेस्त्रींबद्दल तिथंच एका चहाच्या टपरीवर बरंच ऐकलं. टॅक्सी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची चूल बंद. त्यामुळं संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर जायलाच हवी. एक पिस्टन गेला तर एकच बदलायचा, जो मिळेल तो. चौघांचा सेट बदलणं हे साहेबलोकांचं काम. एक म्हातारा मेस्त्री सांगत होता, तो नव्या पिस्टनला जुन्याच्या वजनाला आणायचा ते वाण्याच्या तराजूवर, एका पारड्यात हा, दुसऱ्यात तो, आणि आतून घासत बसायचा. आकडा कधी वाचलाच नाही, पारडी सारखी झाली की पुरे. गुजरीतला आमचा दशांश ग्रॅमचा थाट आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

सेट शेवटी मिळाला, आणि मिळाला तो असा. जुनं, कडा झिजलेलं खोकं, आत मेणकागदात चार पिस्टन, त्यातल्या एकाच्या रिंगेच्या खाचेचा काठ तुटलेला. कधीतरी फळीवरून पडला असणार. दुकानदारानं वरच्या माळ्यावर चढून दुसऱ्या कंपनीचा एक सुटा ६८ चा आणून दिला. "तीन अधिक एक. चालतंय सगळं. पद्मिनी आहे, विमान नाही."

मी तिथं दहा मिनिटं उभा होतो. ज्या माणसाला महिनाभर शिव्या घातल्या, तो असाच कुठल्यातरी दुकानात उभा राहिला असणार, त्याच्याही समोर कोणीतरी असाच एक सुटा पिस्टन धरला असणार. मी मामांना फोन लावला. मला वाटलं, नको म्हणतील. त्यांनी विचारलं, "पिनपासून डोक्यापर्यंत उंची मोजून सांग. व्हर्नियर असंल तिथं." मोजली. नवा ०.२ मिलिमीटर बुटका. "अर्धा एमएम असता तर न्हाई म्हणलो असतो," मामा म्हणाले. एवढ्या मोठ्या बोरात अर्धा मिलिमीटर उंची म्हणजे पावणेदोन सीसीहून जास्त जागा, आणि ती जागा कमी-जास्त झाली की एक सिलिंडर इतरांहून वेगळ्या दाबानं जळतं. "डोकं सपाट हाय न्हवं? पिनचा व्यास तोच? मग रिंगा मात्र त्याच्याच घे, आपल्या सेटातल्या घालायच्या न्हाईत. आणि डबा टाकू नको, डब्यावर फट लिवलेली असती."

डबा मी अगदी पावतीसारखा जपून आणला.

*

त्यानंतरचे आठ दिवस मी संध्याकाळी कारखान्यातून सुटलो की थेट उद्यमनगर. नव्या पाहुण्याच्या अंगाला चीर होती, सेटातले तिघं भरीव. म्हणजे घराणं उलटं झालं होतं, आधी तीन चिरेचे आणि एक भरीव होता. मेस्त्रींनी आधी चारही पिस्टन मोजले, मग प्रत्येकाच्या मापानं त्याचा बोर होन केला, म्हणजे दगडानं घासून मापाला आणला. भरीव तिघांना पाच शतांश मिलिमीटर फट, चिरेवाल्याला त्याच्या डब्यावर होती तेवढी, साडेतीन. मेस्त्री बोरमध्ये डायल गेज वर-खाली फिरवायचे, काटा थरथरला की पुन्हा होनिंगचे दगड. शेवटी बोरच्या भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटली, बारीक विणीच्या चटईसारखी. ऑईल त्या जाळीत धरून राहतं. मेस्त्रींनी पिस्टन बोरमध्ये उलटा सोडला, बाजूला फीलर गेजची पट्टी घालून ती ओढून बघितली आणि मलाही ओढायला दिली. पट्टी निघत होती, पण सोडवत नव्हती. लोणच्याच्या बरणीत अडकलेला चमचा काढावा तसं काहीतरी.

वजनाला परत गुजरी. दिवाळी तोंडावर आलेली, दुकानात मुंगीला शिरायला जागा नाही. शेठनी तरीही मागच्या काउंटरवर काटा दिला. चिरेवाला ७.२ ग्रॅमनं जड निघाला. पिस्टनच्या पोटात, पिनच्या खालच्या अंगाला, दोन जाडसर गुटके ओतलेले असतात, ते ह्याचसाठी. त्यातून मेस्त्रींनी लेथवर कात दिली, थोडी, मग पुन्हा गुजरी, मग पुन्हा थोडी. तिसऱ्या फेरीला फरक ०.३ ग्रॅमवर आला. लेथखाली पडलेला तो ॲल्युमिनियमचा भुसा मामांनी चिमटीत धरून शेठना दाखवला. "हे घ्या तुमचे तोळे."

"मग पाहुणा कितव्या बोरमध्ये?" मी विचारलं.

"दोन नंबर," मामा म्हणाले. "त्या घराला सवय हाय."

इंजिन बसलं, गाडी चालू झाली. पहिले हजार किलोमीटर हळू. धूर गेला. आता खरं सांगायचं तर ठरावीक वेगाला दांडा अजूनही थरथरत होता. पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी, पण होता. माझा चेहरा पडला. मामांनी बॉनेट उघडलं, पहार घालून इंजिन जरा उचललं आणि खालचं एक रबर दाखवलं. भेगाळून, पापडासारखं झालेलं. तीनशे रुपयांचं रबर. ते बदलल्यावर दांडा गप्प झाला. म्हणजे चौदा वर्षांच्या त्या थरथरीत १९ ग्रॅमचा वाटा किती आणि रबराचा किती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. माझा त्या मेस्त्रीवरचा राग त्यामुळं थोडा अडचणीत आला.

त्याच संध्याकाळी मामांनी माझ्याकडून एक कोरा व्हाउचर मागून घेतला. पाठीवर त्यांच्या एसटीतल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं:

"चारी बोर स्लीव्ह, माप ६८.००. नं. १, ३, ४ एक कंपनी, भरीव, फट ०.०५०. नं. २ दुसरी कंपनी, चिरेचा, फट ०.०३५, उंची ०.२ कमी, रिंगा त्याच्याच. वजन जुळवले. नोव्हें. २०२३."

"त्या पहिल्याला एवढंच करायचं हुतं," मामा म्हणाले. "आपल्याला काटा शोधत फिरायला लागलं नसतं."

माझा मुलगा म्हणाला, आजोबा, फोटो काढून ठेवू की, कागद कशाला. मामांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीचं तोंड मेणबत्तीवर धरून बंद केलं आणि एअर फिल्टरच्या झाकणाखाली, हेड उतरवायला येणाऱ्या माणसाचा हात पहिल्यांदा जाईल तिथं, तारेनं बांधून टाकला.